वाचकांचे प्रश्न : केंडल घराण्याची धाकटी लेक

मागील अंकात मुंबईच्या पृथ्वी थिएटरवर एक टिपण प्रसिद्ध झाले होते आणि त्यात फेलिसिटी केंडल यांचे नाव केवळ एका ओळीत आले होते. त्या एका ओळीवर नागपूर आणि परिसरातून जितकी पत्रे आली, तितकी उरलेल्या टिपणावर आली नाहीत. म्हणून या वेळचे सदर पूर्णपणे या इंग्रज अभिनेत्रीसाठी राखून ठेवले आहे. एकाच आशयाची पत्रे एकत्र करून त्यांचे उत्तर एकदाच दिले आहे.

प्रश्न : आमच्या पिढीला फेलिसिटी केंडल शशी कपूर यांची मेव्हणी म्हणून ठाऊक आहेत. त्यापलीकडे त्यांची स्वतंत्र ओळख आहे का? (एक वाचक, धरमपेठ)

उत्तर : आहे, आणि ती इतकी मोठी आहे की इंग्लंडमध्ये नेमके उलट घडते. तिकडच्या एका संपूर्ण पिढीला शशी कपूर यांचे नाव सांगताना ‘फेलिसिटी केंडल यांचे मेव्हणे’ अशी ओळख करून द्यावी लागते. आपल्याकडे हे नाते पुढे येते ते स्वाभाविक आहे. परंतु तेवढ्यावर थांबणे हा एका कसदार अभिनेत्रीवर अन्याय आहे, असे मला मनापासून वाटते.

फेलिसिटी यांचा जन्म २५ सप्टेंबर १९४६ रोजी इंग्लंडमधील वॉरिकशायर परगण्यातल्या ऑल्टन येथे झाला. वडील जेफ्री केंडल आणि आई लॉरा लिडेल हे दोघेही नट. वडिलांचे मूळ आडनाव ब्रॅग असे होते. इंग्लंडच्या उत्तरेला असलेल्या आपल्या जन्मगावाचे केंडल हे नाव त्यांनी रंगभूमीसाठी घेतले आणि पुढे तेच घराण्याचे आडनाव झाले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सैनिकांच्या मनोरंजनासाठी नाटके घेऊन हे दांपत्य भारतात आले होते. युद्ध संपल्यावर, १९४७ मध्ये, त्यांनी ‘शेक्सपिअराना’ ही स्वतःची मंडळी काढली आणि इंग्रज सत्ता येथून निघून जात असताना हे इंग्रज कुटुंब शेक्सपिअरची नाटके घेऊन भारतभर फिरू लागले. फेलिसिटी यांचे पहिले रंगमंचीय पदार्पण वयाच्या नवव्या महिन्यात झाले. ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’ या नाटकात पऱ्यांची राणी ज्या अनाथ बाळाला जपते, ते बाळ म्हणून त्यांना कडेवर घेऊन रंगमंचावर आणले गेले होते.

त्यानंतरचे त्यांचे बालपण आणि किशोरवय मुख्यतः भारतातच गेले. मंडळीचा मुक्काम हलला की शाळाही बदले, आणि अशा रीतीने त्यांनी वेगवेगळ्या गावांतल्या सहा कॉन्व्हेंट शाळा पाहिल्या. त्यांचे खरे शिक्षण मात्र रंगमंचाच्या पडद्यामागे चालू होते. नवव्या वर्षी पक, पुढे जेसिका, ऑफेलिया, व्हायोला अशा भूमिका त्यांनी वडिलांच्या मंडळीत केल्या. ज्या वयात इंग्लंडमधली नाट्यवेडी मुले अभिनयाच्या शाळांचे प्रवेश अर्ज भरत असतात, त्या वयापर्यंत या मुलीच्या तोंडी अर्धा डझन नाटके पाठ होती आणि ती वेळी-अवेळी, कमी उजेडात, पंख्यांच्या घरघरीत आणि लहान मुलांच्या कलकलाटात सादर करण्याची सवयही तिला झाली होती.

प्रश्न : परक्या भाषेतली ही नाटके भारतात पाहत कोण होते? आणि अशा मंडळीचा खर्च कसा निघत असे? मी स्वतः वडशाच्या झाडीपट्टी नाटक मंडळींबरोबर काही हंगाम काम केले आहे, म्हणून विचारतो. (एक नाट्यकर्मी, सध्या मुक्काम महाल)

उत्तर : आपण झाडीपट्टीत काम केले आहे, त्यामुळे या मंडळीचे जीवन आपल्याला कोणत्याही समीक्षकापेक्षा लवकर समजेल. धानाची कापणी झाली की गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या भागांत मंडई म्हणजे जत्रा आणि शंकरपटाच्या निमित्ताने गावोगावी नाटके लागतात. नट, पेटीवाले, पडदे आणि सामानाच्या गाड्या आज एका गावी तर उद्या दुसऱ्या गावी जातात, आणि काल रात्री राजा झालेला नट आज खलनायक होतो. केंडल मंडळीचा शिरस्ता याच जातीचा होता. माणसे थोडी, नाटके अनेक, त्यामुळे एकेका नटाने एकाच प्रयोगात दोन-तीन पात्रे उभी करायची. घरातली माणसे केवळ भूमिकाच करीत नसत. कपडेपट, सामान, प्रवास हे सारे त्यांच्याच अंगावर असे. फरक एवढाच की झाडीपट्टीचा प्रेक्षक नाटकाच्या भाषेत जन्मलेला असतो, आणि केंडल यांना तो प्रत्येक गावी नव्याने मिळवावा लागे.

त्यांचा मुख्य आधार शाळा आणि महाविद्यालये हा होता. त्या काळी शाळा-महाविद्यालयांच्या अभ्यासक्रमात शेक्सपिअर असे, आणि पुस्तकात वाचलेला शायलॉक समोर चालता-बोलता पाहण्याची संधी शिक्षक सोडत नसत. आपल्या नागपुरात हिस्लॉप किंवा मॉरिस महाविद्यालयात इंग्रजी शिकलेल्या जुन्या पिढीला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. दुसरा आधार संस्थानिकांचा. एका आठवड्यात राजवाड्यातील दिवाणखान्यात प्रयोग आणि पुढच्या आठवड्यात एखाद्या गावातील शाळेच्या सभागृहात, असे त्यांचे चालत असे. शेक्सपिअरच्या जोडीला शॉ आणि शेरिडन यांची नाटकेही ते करीत. मात्र संस्थाने विलीन झाली, चित्रपटगृहे वाढली, आणि स्वतंत्र भारताला आपल्या भाषांतल्या रंगभूमीची ओढ लागली; साठीच्या दशकापर्यंत या मंडळीची चणचण वाढत गेली, हे खरे आहे.

या मंडळीत भारतीय नटही होते, ही गोष्ट येथे मुद्दाम नोंदवली पाहिजे. बंगाली रंगभूमीवरचे पुढचे मोठे नाव उत्पल दत्त यांनी तरुणपणी जेफ्री केंडल यांच्या हाताखाली काम केले आणि नाट्यव्यवसायाची शिस्त आपण तेथे शिकलो हे ऋण त्यांनी मानले. शशी कपूर हेही १९५६ मध्ये कलकत्त्यात फेलिसिटी यांची थोरली बहीण जेनिफर यांना भेटल्यानंतर याच मंडळीत शेक्सपिअरची पात्रे करू लागले. केंडल यांच्याकडे केवळ ‘परकी मंडळी’ म्हणून पाहिले, तर आपल्याच दोन मोठ्या नटांच्या जडणघडणीचा एक भाग आपल्या नजरेतून निसटतो.

प्रश्न : ‘शेक्सपिअर वाला’ या चित्रपटातील लिझी म्हणजे फेलिसिटी स्वतःच का? (एक वाचक, प्रतापनगर)

उत्तर : नाही, पण चित्रपटाने गैरसमजाला पुरेपूर जागा ठेवली आहे. १९६५ मधील हा चित्रपट जेम्स आयव्हरी यांनी दिग्दर्शित केला, इस्माईल मर्चंट यांनी निर्माण केला आणि रूथ प्रवर झाबवाला यांनी आयव्हरी यांच्यासह त्याची पटकथा लिहिली. संगीत सत्यजित राय यांचे आणि छायाचित्रण राय यांचेच सहकारी सुब्रत मित्र यांचे. पैसा तुटपुंजा होता म्हणून तो कृष्णधवल केला गेला. आज मात्र त्याच्या धूसर डोंगरवाटा आणि रिकाम्या राजवाड्यांचा परिणाम पाहताना त्याला रंग असते तर बरे झाले असते असे एकदाही वाटत नाही.

बकिंगहॅम नावाचे इंग्रज कुटुंब भारतात फिरते नाटक चालवते, प्रेक्षक आटत जातो, मुलगी लिझी हिचे एका श्रीमंत भारतीय तरुणावर प्रेम बसते आणि अखेर आईवडील तिला बोटीने इंग्लंडला पाठवून देतात. आईवडिलांच्या भूमिकेत स्वतः जेफ्री आणि लॉरा, मुलगी फेलिसिटी, तरुण शशी कपूर, आणि महाराजाच्या भूमिकेत उत्पल दत्त. एवढी खरी माणसे एकत्र आल्यावर प्रेक्षकाने हे चरित्रच समजावे यात नवल नाही. जेफ्री केंडल यांच्या दैनंदिनीतून कथेचे बीज मिळाले असले, तरी कथा रचलेली आहे. प्रत्यक्षात भारतीय तरुणाशी प्रेमविवाह झाला तो थोरल्या बहिणीचा, १९५८ मध्ये. आणि तो तुटला नाही. जेफ्री यांना स्वतःला हे चित्र फारसे रुचले नव्हते, कारण आपली मंडळी अशी केविलवाणी झाली होती हे त्यांना मान्य नव्हते. माझ्या मते या नापसंतीमुळेच त्यांची भूमिका इतकी जिवंत झाली आहे. जे पराभूत झाल्याचे दाखवायचे आहे, ते पात्र हा नट कोठेही पराभूत माणसासारखे उभे करीत नाही.

चित्रपटात बोलपटाची नटी झालेल्या मधुर जाफरी यांना त्या वर्षी बर्लिन महोत्सवात उत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला, आणि तो रास्तच होता. फेलिसिटी यांचे काम त्यामानाने शांत आहे. त्या वेळी त्यांचे वय अठराच्या आसपास होते. ऐकता ऐकता चेहऱ्यावर विचार उमटू देणे हे त्यांचे पुढचे बलस्थान त्या चित्रपटात आधीच स्पष्ट दिसते.

प्रश्न : चित्रपटाची एवढी वाखाणणी झाल्यावर त्या चित्रपटतारका का झाल्या नाहीत? दूरदर्शनकडे का वळल्या? (एक वाचक, सिव्हिल लाइन्स)

उत्तर : लंडनला त्या १९६५ च्या सुमारास गेल्या, तेव्हा त्यांच्याजवळ अभिनयाचा दांडगा अनुभव होता, पण तिकडच्या निर्मात्यांच्या दृष्टीने तो अनुभव जेथे मिळाला होता, त्या जागेला मोल नव्हते. कोणत्या नाट्यशाळेत शिकलात, कोणत्या नामांकित नाट्यगृहात कामे केलीत, हे तेथे विचारले जाई. १९६६ मध्ये बीबीसीच्या एका नाटकात नामवंत इंग्रज नट जॉन गिलगुड यांच्यासमवेत त्यांना भूमिका मिळाली आणि पुढच्या वर्षी लंडनच्या रंगमंचावर त्या प्रथम उभ्या राहिल्या. त्यानंतरची काही वर्षे लहान-मोठ्या भूमिकांची होती. चित्रपट त्यांनी मोजकेच केले. १९७७ च्या ‘व्हॅलेंटिनो’मध्ये त्या नृत्यकार रुडॉल्फ नुरेयेव यांच्याबरोबर दिसतात, परंतु त्या चित्रपटासाठी कोणी त्यांची आठवण काढत नाही.

वळण मिळाले ते रंगभूमीमुळे. १९७४ मध्ये ॲलन एकबोर्न यांची तीन परस्परसंबद्ध नाटके लंडनमध्ये गाजली आणि त्यांत फेलिसिटी व पेनेलोपी कीथ या दोघी होत्या. त्यांची कामे पाहून बीबीसीच्या नव्या विनोदी मालिकेसाठी दोघींची निवड झाली. ती मालिका म्हणजे ‘द गुड लाइफ’. जॉन एसमंड आणि बॉब लार्बी यांनी लिहिलेल्या या मालिकेचे एप्रिल १९७५ ते जून १९७८ या काळात ३० भाग प्रसारित झाले, आणि शेवटचा विशेष भाग राणी एलिझाबेथ यांच्या उपस्थितीत चित्रित झाला.

कथा अशी की लंडनलगतच्या सर्बिटन या सुखवस्तू वसाहतीत राहणारा टॉम गुड आपल्या चाळिसाव्या वाढदिवशी नोकरी सोडतो. त्याची नोकरी न्याहारीच्या पाकिटांत टाकायच्या प्लास्टिकच्या खेळण्यांचे आराखडे काढण्याची असते. तो आणि त्याची पत्नी बार्बरा ठरवतात की यापुढे घराच्या अंगणातच पिकवायचे, बकरी, डुकरे, कोंबड्या पाळायच्या आणि बाजारावर विसंबायचे नाही. शेजारी जेरी आणि मार्गो हे दांपत्य प्रतिष्ठेला जपणारे. कुंपणापलीकडच्या चिखलाने आणि वासाने मार्गो हैराण होते, तरीही चौघांची मैत्री तुटत नाही. टॉमच्या भूमिकेत रिचर्ड ब्रायर्स, मार्गो पेनेलोपी कीथ, आणि जेरी पॉल एडिंग्टन. हेच एडिंग्टन पुढे ‘येस मिनिस्टर’ या मालिकेत मंत्री झाले. तिचाच हिंदी अवतार ‘जी मंत्रीजी’ फारूख शेख यांच्यामुळे आपल्याकडे अनेकांना आठवत असेल.

ही मालिका आली तो काळ लक्षात घेतला पाहिजे. १९७३ च्या तेलसंकटानंतर इंग्लंडमध्ये महागाई कडाडली होती, वीजबचतीसाठी कारखाने आठवड्यातून तीनच दिवस चालवण्याची पाळी १९७४ च्या आरंभी आली होती, आणि आपल्या सुखाचा पाया किती कच्चा आहे हे मध्यमवर्गाला उमजू लागले होते. अशा वेळी परसात बटाटे लावणारे हसतमुख जोडपे लोकांना आपलेसे वाटले. या मालिकेत फेलिसिटी यांचे काम दिसायला सोपे आणि करायला अवघड होते. स्वप्न टॉमचे आहे, पण त्याची किंमत बार्बरा मोजते. थंडीत हात फुटतात ते तिचे, नवी साडी-चोळी म्हणावी तशी कपड्यांची हौस सोडावी लागते ती तिला. लेखनात बार्बरा सहज केवळ समजूतदार पत्नी होऊन बसली असती. फेलिसिटी यांनी तिला रुसवा दिला, थकवा दिला, टॉमला फटकारण्याची ताकद दिली आणि एवढे सारे करूनही विनोदाची लय तसूभर ढळू दिली नाही. ज्या भागात त्यांच्या घरात नासधूस होते, तेथे त्यांचा चेहरा पाहावा. विनोदी मालिकेत इतके खरे दुःख क्वचितच दिसते.

या यशाचा काच त्यांना पुढे अनेक वर्षे सोसावा लागला. वर्तमानपत्रांनी त्यांना ‘देशाची लाडकी शेजारीण’ करून टाकले, आणि त्यांच्या रूपाविषयी जेवढे छापून येई तेवढे अभिनयाविषयी येत नसे. १९८० च्या दशकात ‘सोलो’ आणि नंतर ‘द मिस्ट्रेस’ या मालिका त्यांनी केल्या; दुसरीत विवाहित पुरुषावर प्रेम करणाऱ्या स्त्रीची भूमिका होती. बार्बराच्या प्रेमात असलेल्या प्रेक्षकांना ती पचायला जड गेली. तरीही त्यांनी ती केली, हे मला महत्त्वाचे वाटते.

प्रश्न : मी इंग्रजी साहित्याची विद्यार्थिनी आहे. टॉम स्टॉपर्ड यांच्या नाटकांच्या संदर्भात फेलिसिटी केंडल यांचे नाव वारंवार येते. त्याचे कारण काय? (एक विद्यार्थिनी, शंकरनगर)

उत्तर : हा प्रश्न आला नसता तर तो मी स्वतःच विचारून घेतला असता, कारण फेलिसिटी यांच्या कर्तृत्वाचा सर्वांत घट्ट भाग येथे आहे आणि आपल्याकडे तोच सर्वांत कमी ठाऊक आहे.

‘द गुड लाइफ’ संपल्यावर वर्ष-दीड वर्षात त्या लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये होत्या. १९७९ मध्ये पीटर शॅफर यांच्या ‘ॲमेडिअस’च्या पहिल्याच निर्मितीत त्यांनी संगीतकार मोझार्टची पत्नी कॉन्स्टान्झे केली; मोझार्टचा प्रतिस्पर्धी संगीतकार सालिएरी झाले पॉल स्कोफिल्ड आणि मोझार्ट सायमन कॅलो. १९८० मध्ये स्कोफिल्ड यांच्या ऑथेल्लोसमोर त्या डेस्डिमोना झाल्या, आणि त्याच वर्षी बीबीसीच्या ‘ट्वेल्फ्थ नाइट’मध्ये व्हायोला. भारतातल्या शाळांच्या सभागृहांत केलेली व्हायोला आता इंग्लंडच्या घराघरांत पोचली होती. १९८९ मध्ये ॲलन बेट्स यांच्यासोबत ‘मच अडू अबाउट नथिंग’मधील बिॲट्रिस आणि चेकॉव्हच्या ‘इव्हानॉव्ह’मधील भूमिका यांसाठी त्यांना इव्हनिंग स्टँडर्ड नाट्यपुरस्कार मिळाला.

स्टॉपर्ड यांच्याबाबत सांगायचे तर १९८१ पासून पुढे त्यांची एकामागून एक नाटके फेलिसिटी यांनी केली : ‘ऑन द रॅझल’, ‘द रिअल थिंग’मधील ॲनी, ‘हॅपगुड’मधील गुप्तहेर स्त्री, आणि १९९३ च्या ‘आर्केडिया’मधील इतिहास-संशोधक हॅना जार्व्हिस. ही नाटके बुद्धीला ताण देणारी आहेत. गणित, भौतिकशास्त्र, काव्य यांवरचे लांबलचक संवाद त्यांत इतक्या वेगाने येतात की नटाच्या मनात अर्थ स्वच्छ नसेल तर प्रेक्षकाच्या हाती केवळ शब्द लागतात. फेलिसिटी यांचा किंचित घोगरा, चिरका आवाज आणि वाक्याच्या मध्यभागी विचार बदलल्याचे दाखवण्याचे कसब या नाटकांना हवे होते. लहानपणी, इंग्रजी पूर्ण न समजणाऱ्या मुलांपुढे शेक्सपिअर बोलताना अर्थ आवाजातून पोचवण्याची जी तालीम त्यांना झाली, तिचाच हा परिपाक आहे, असे माझे अनुमान आहे.

‘इंडियन इंक’ या १९९५ च्या नाटकाचा उल्लेख स्वतंत्रपणे केला पाहिजे. स्टॉपर्ड यांचे स्वतःचे बालपण महायुद्धाच्या काळात दार्जिलिंगला गेले होते. फेलिसिटी यांचे भारतभर. नाटकात १९३० मध्ये फ्लोरा क्रू नावाची इंग्रज कवयित्री जुम्मापूर या काल्पनिक संस्थानात येते आणि निरद दास हा चित्रकार तिचे चित्र काढतो. अनेक वर्षांनंतर इंग्लंडमध्ये तिची धाकटी बहीण एलिनॉर तिची पत्रे जपून बसली आहे, कारण फ्लोरा भारतातच मरण पावली. आधी बीबीसी रेडिओसाठी लिहिलेल्या रूपात आणि मग रंगमंचावर फ्लोरा फेलिसिटी यांनी केली. रंगमंचावर निरद दास झाले ते आर्ट मलिक. हे नाटक स्टॉपर्ड यांनी लॉरा केंडल यांच्या, म्हणजे फेलिसिटी यांच्या आईच्या, स्मृतीस अर्पण केले आहे.

डिसेंबर २०२५ मध्ये लंडनच्या हॅम्पस्टेड थिएटरमध्ये हेच नाटक पुन्हा आले, त्याच्या थोडेच दिवस आधी स्टॉपर्ड यांचे निधन झाले होते. या वेळी फेलिसिटी यांनी फ्लोराची वृद्ध बहीण एलिनॉर साकारली. थोरल्या बहिणीच्या आठवणींचा सांभाळ करणारी ही धाकटी बहीण त्यांनी करावी, यात त्यांच्या खऱ्या आयुष्याचा किती अंश मिसळला असेल, हे पुढील उत्तर वाचल्यावर आपल्या लक्षात येईल.

प्रश्न : जेनिफर यांच्याविषयी थोडे सांगाल का? दोघींपैकी श्रेष्ठ अभिनेत्री कोण? (दोन वाचक, सदर आणि लक्ष्मीनगर)

उत्तर : तुलना मी करणार नाही, कारण दोघींना मिळालेली संधी सारखी नव्हती. जेनिफर वयाने बारा-तेरा वर्षांनी मोठ्या. मंडळीच्या मुख्य नायिका त्याच होत्या, आणि लग्नानंतर त्यांनी मुंबई हेच घर मानले. मुले मोठी होईपर्यंत अभिनय मागे राहिला. ‘शेक्सपिअर वाला’मध्ये त्या एका लहानशा भूमिकेत दिसतात, पुढे ‘बॉम्बे टॉकी’, श्याम बेनेगल यांचा ‘जुनून’, ‘हीट अँड डस्ट’ आणि सत्यजित राय यांच्या ‘घरे बाइरे’मधील इंग्रज शिक्षिका.

त्यांचे खरे स्मारक म्हणजे अपर्णा सेन यांचा १९८१ मधला ‘३६ चौरंगी लेन’. कलकत्त्यात एकट्या राहणाऱ्या, शाळेत शेक्सपिअर शिकवणाऱ्या व्हायोलेट स्टोनहॅम या अँग्लो-इंडियन बाईंची ही कथा. प्रेमाने घरात घेतलेले तरुण जोडपे आपली जागा वापरून झाल्यावर आपल्याला विसरले, हे त्या बाईंना कळते तो प्रसंग जेनिफर यांनी जवळजवळ काहीही न करता उभा केला आहे. या भूमिकेसाठी त्यांना ब्रिटनच्या बाफ्टा पुरस्काराचे नामांकन मिळाले. निर्माते शशी कपूर होते आणि त्यात त्यांना पैशाचा लाभ झाला नाही. तरीही असे चित्रपट काढल्याबद्दल आपण त्यांचे ऋणी असले पाहिजे.

जेनिफर यांचे दुसरे काम जुहूचे पृथ्वी थिएटर. ५ नोव्हेंबर १९७८ रोजी ते सुरू झाले तेव्हाचे नाटक मराठी लेखकाचे होते : गो. पु. देशपांडे यांचे ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’, हिंदी रूपात, नसीरुद्दीन शाह आणि ओम पुरी यांच्यासह. फिरत्या मंडळीत वाढलेल्या, स्वतःचे पक्के नाट्यगृह कधीच न लाभलेल्या मुलीने दुसऱ्यांसाठी नाट्यगृह बांधून दिले. ७ सप्टेंबर १९८४ रोजी कर्करोगाने त्यांचे लंडनमध्ये निधन झाले. वय जेमतेम पन्नाशीचे. १९९८ मध्ये फेलिसिटी यांनी ‘व्हाइट कार्गो’ हे आत्मचरित्र प्रसिद्ध केले. अंथरुणाला खिळलेल्या वडिलांजवळ बसून भारतातल्या दिवसांकडे वळून पाहणारे हे पुस्तक आहे, आणि त्यात ही बहीण पानोपानी आहे.

प्रश्न : त्यांचे विवाह, घटस्फोट यांविषयी माहिती द्यावी. (एक वाचक, मानेवाडा)

उत्तर : त्यांचे दोन विवाह झाले, त्यांना दोन मुलगे आहेत. दुसरे पती, दिग्दर्शक मायकेल रडमन, यांच्यापासून विभक्त झाल्यावर काही वर्षांनी दोघे पुन्हा एकत्र आले आणि रडमन यांच्या निधनापर्यंत, म्हणजे २०२३ पर्यंत, सोबत राहिले. इंग्लंडच्या वर्तमानपत्रांनी यापेक्षा कितीतरी अधिक छापले आहे. या सदराला त्याचे प्रयोजन नाही.

प्रश्न : गच्चीवरच्या बागेची मला आवड आहे. बागकाम करणाऱ्या दोन बायका गुन्हे शोधतात अशी एक इंग्रजी मालिका पाहिली होती. ती यांचीच का? (एक वाचक, त्रिमूर्तीनगर)

उत्तर : होय. ‘रोझमेरी अँड थाइम’ ही आयटीव्ही वाहिनीची मालिका २००३ मध्ये सुरू झाली आणि तिचे २२ भाग झाले. विद्यापीठातली नोकरी गेलेल्या वनस्पती-रोगतज्ज्ञ रोझमेरी बॉक्सर म्हणजे फेलिसिटी, आणि माजी पोलीस असलेल्या लॉरा थाइम म्हणजे पॅम फेरिस. गुन्ह्यांची उकल फार खोल नाही, पण मध्यमवयीन दोन स्त्रिया स्वतःच्या कष्टावर पुन्हा उभ्या राहतात आणि त्यांना कोणी नायक वाचवायला येत नाही, हे पाहणे आनंदाचे आहे. बागेसाठी म्हणाल तर तिकडची झाडे नागपूरच्या मे महिन्यात तग धरणार नाहीत.

प्रश्न : आमचा हौशी नाट्यगट केंडल कुटुंबावर दोन संध्याकाळचा कार्यक्रम करू इच्छितो. काय दाखवावे आणि कोणत्या क्रमाने? (एका नाट्यगटाचे सदस्य, बजाजनगर)

उत्तर : पहिल्या संध्याकाळी ‘शेक्सपिअर वाला’ दाखवावा. त्याआधी वीस-पंचवीस मिनिटे कोणीतरी या मंडळीचा इतिहास सांगावा, अन्यथा कथा आणि चरित्र यांची गल्लत होईल. आपल्या गटात झाडीपट्टीत काम केलेले कोणी असेल तर चित्रपटानंतर त्यांना बोलू द्यावे. पडदा, प्रवास आणि पैशाचा हिशोब यांवर त्यांच्याइतके नेमके बोलणारे दुसरे कोणी सापडणार नाही.

दुसऱ्या संध्याकाळी ‘३६ चौरंगी लेन’ घ्यावा, आणि मध्यंतरानंतर ‘द गुड लाइफ’चा एखादा भाग. हा क्रम उलटा वाटेल, परंतु जेनिफर यांचा चित्रपट संपल्यावर प्रेक्षक लगेच बोलायला तयार नसतात. थोडा वेळ जाऊ द्यावा आणि मग धाकट्या बहिणीचे हलके काम पाहावे. विनोदी मालिकेतला अभिनय किती बारकाईने केलेला आहे, हे गंभीर अभिनय पाहून झाल्यावर अधिक स्पष्ट दिसते. बीबीसीने २०१२ मध्ये फेलिसिटी यांच्यासमवेत भारतातील शेक्सपिअरचा मागोवा घेणारा माहितीपट केला होता. तो मिळवता आला तर तो दोन्ही दिवसांच्या मध्ये सदस्यांनी आपापसांत पाहावा. चित्रपटांच्या जाहीर प्रदर्शनासाठी हक्कधारकांची लेखी परवानगी लागते, आणि ती मिळण्यास वेळ लागतो, म्हणून सभागृहाची तारीख ठरवण्यापूर्वीच त्यांना पत्र लिहावे.